पांढऱ्यात बोट घालायचं नाही

समोर त्यांना सगळे 'सर' म्हणत आणि पाठ वळली की 'झाकण'. हे नाव कुणी ठेवलं ते मला माहीत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला काही फार डोकं चालवावं लागलं नसेल. चहाचा कप टेबलावर आला की सरांचा हात आधी बशीकडे जायचा आणि बशी कपावर बसायची. पाण्याच्या तांब्यावर फुलपात्र, फुलपात्रावर रुमाल. स्कूटरच्या किल्लीच्या भोकावर चिकटपट्टी. टेबलावरच्या फोनच्या डायलला छोटं कुलूप होतं, आणि ते लोक चोरून फोन करतील म्हणून नव्हतं. फायली उचलताना बोट डायलमध्ये अडकून भलताच नंबर लागेल म्हणून होतं.

राहात्याच्या थोडं बाहेर दूध संघाचा पशुखाद्याचा कारखाना होता. सर तिथले मुख्य केमिस्ट. मी नगरला कॉम्प्युटरचा कोर्स करून तिथं ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा कारखान्यात एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्या खोलीत जाताना देवळात गेल्यासारख्या चपला बाहेर काढाव्या लागत. पहिल्या दिवशी सरांनी माझं सर्टिफिकेट पाहिलंच नाही, माझे हात पाहिले.

"बोटं जलद चालतात?"

"हो सर, खूप," मी म्हणाले. वाटलं, खूश होतील.

"मग तुमच्यापासून जपायला हवं," ते म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी कीबोर्डवरच्या डिलीटच्या बटणावर काडेपेटीचं अर्धं खोकं चिकटवलेलं होतं.

मला त्यांचा राग यायचा. खोटं कशाला सांगू, पहिले दोन महिने मी घरी जाऊन, जिच्याकडे राहायचे त्या मावशीला, त्यांच्या नकला करून दाखवायचे. मावशी हसून हसून पदर तोंडाला लावायची. पण त्यांच्या वेडात एक पद्धत होती, ती हळूहळू लक्षात यायला लागली. ते सगळंच झाकत नव्हते. मिक्सरच्या मेन स्विचवर त्यांनी तेलाचा डबा कापून झाकण बसवून घेतलं होतं, पण शेजारचा, मिक्सर बंद करायचा लाल स्विच मात्र मुद्दाम उघडा ठेवला होता. मी विचारलं तर म्हणाले, "सुरू करताना हात अडला पाहिजे. हात अडला की डोकं जागं होतं. थांबवताना अडून कसं चालेल?"

आणखी एक वाक्य ते महिन्यातून चारदा तरी ऐकवायचे. "मॅडम, चोराला कुलूप कधी अडवत नाही. तो तोडतो आणि आत येतो. कुलूप असतं ते आपल्याच घाईच्या हातासाठी."

त्यांच्या घरीही हेच. त्यांच्या मिसेसनी मला एकदा स्वयंपाकघर दाखवलं होतं. मिठाच्या डब्याला वरून फडकं बांधलेलं, गाठ मारून. साखरेचा डबा मोकळा. "चहात मीठ पडू नये म्हणून," त्या म्हणाल्या. "बत्तीस गुण जुळले होते हो आमचे. हा तेहतिसावा लग्नानंतर कळला." थोरल्या मुलीच्या लग्नात सरांनी मंगळसूत्र स्टीलच्या डबीत ठेवून ती फडक्यात बांधली आणि फडक्याला इतक्या गाठी मारल्या की मुहूर्त झाला तरी त्या सुटेनात. भटजी मंगळसूत्राचा मंत्र परत परत म्हणायला लागले. व्याही लालबुंद झाले. शेवटी कुणीतरी दातानं गाठ सोडली. सर मात्र घाम पुसत म्हणत होते, "पण हरवलं नाही ना?"

लोक म्हणायचे, त्यांच्या हातून कधीतरी काहीतरी भयंकर घडलं असणार, त्याशिवाय माणूस असा होत नाही. मी एकदा धीर करून विचारलं. ते चिडले. "मला काही झालेलं नाही. झाल्यावरच शहाणं व्हायचं असा काही नियम आहे का?"

त्यांना खरी भीती होती ती युरियाची, आणि ती भीती वेडेपणाची नव्हती. गाई-म्हशींच्या खाद्यात थोडा युरिया घालतात. रवंथ करणाऱ्या जनावराला तो चालतो, त्याचं पोटात प्रथिन होतं. आमच्याकडे एक टनाच्या घाण्याला, म्हणजे मिक्सरच्या एका खेपेला, दहा किलो पडायचा. पण तोच तीन-चारपट गेला की विष. तोंडाला फेस येतो, डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते, पाय थरथरायला लागतात आणि तास-दोन तासांत दावणीला फक्त दावं उरतं. आमच्या भागातल्या कितीतरी घरांचा रोजचा बाजार एका गाईच्या दुधावर चालायचा. "आपण पोती भरत नाही," सर म्हणायचे, "लोकांच्या दावणीत हात घालतो."

म्हणून मग ती स्प्रेडशीट. ती त्यांनी स्वतः बसून तयार केली होती, मी यायच्या आधी. रोज प्रयोगशाळेतून मका, सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, भुसा यांच्या प्रथिनांचे आकडे यायचे. ते भरले की प्रत्येक मालाचे किलो आपोआप निघायचे आणि घाण्याची स्लिप छापून खाली जायची. आकडे भरायचे ते सेल त्यांनी पिवळे केले होते. बाकी सगळं पांढरं, आणि पांढरं म्हणजे बंद. पांढऱ्यात सूत्रं होती. कारखान्यातला तो मंत्रच होता. पिवळ्यात बोट घाला, पांढऱ्यात बोट घालायचं नाही. चुकून घातलंच तर कॉम्प्युटर 'टुंग' करून ओरडायचा आणि आकडा घ्यायचा नाही.

मला वाटायचं, एवढं कशाला? सरांनी एक दिवस कुलूप काढून दाखवलं. युरियाच्या सेलमध्ये सूत्र होतं, आकडा दहा दिसत होता. त्यावर त्यांनी चौदा टाइप केलं. दहाचे चौदा झाले.

"आता सांगा, यातलं सूत्र कुठं आहे?"

"गेलं."

"दिसतंय का गेलेलं?"

दिसत नव्हतं. चौदाचा आकडा दहाच्याच जागी, त्याच अक्षरात, शहाण्यासारखा बसला होता. भिंत पडली तर आवाज होतो, दूध नासलं तर वास येतो. इथं काहीच नाही. त्या दिवसापासून मी मावशीकडे नकला करणं बंद केलं.

त्यांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली, आणि तीच पुढे आमच्या गळ्याशी आली. प्रत्येक सेल मुळात बंदच जन्माला येतो. सेलची माहिती उघडून बघितली तर 'बंद' अशी खूण असतेच. पण पूर्ण शीटचं संरक्षण चालू केल्याशिवाय त्या खुणेला काडीचाही अर्थ नाही. "दाराला कडी असणं वेगळं आणि कडी लावलेली असणं वेगळं," सर म्हणायचे. म्हणून रोज सकाळी आल्याबरोबर, बशी-झाकण व्हायच्याही आधी, ते युरियाच्या पांढऱ्या सेलवर जायचे आणि मुद्दाम एक आकडा दाबायचे. टुंग. लोक कुलूप लावल्यावर ओढून बघतात ना, तसं. "जागं आहे," असं पुटपुटायचे आणि मग चहा.

तो दिवस मंगळवारचा होता, थंडीचा. आदल्या दुपारी आमचे एम.डी. दुसऱ्या संघाच्या पाहुण्यांना घेऊन कॉम्प्युटर दाखवायला आले होते. आमचे एम.डी. म्हणजे नेहमी घाईत असलेला, नेहमी कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून चालणारा माणूस. "सर, ते तुमचं कुलूप दाखवा यांना," ते म्हणाले. सर खुलले. इतकं खुललेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टुंग वाजवून दाखवलं, मग कुलूप काढून दाखवलं, सूत्र पुसून दाखवलं, परत आणून दाखवलं. पाहुणे माना डोलावत होते. "चला, चहा निवतोय," म्हणून एम.डी.नी सरांच्या खांद्यावर हात टाकला. "एक मिनिट, साहेब," सर म्हणाले. त्यांनी फाइल सेव्ह केली आणि त्या हाताबरोबर बाहेर पडले.

मंगळवारी सकाळी सर आले, खुर्चीत बसले, पांढऱ्या सेलवर गेले आणि आकडा दाबला.

काहीच वाजलं नाही.

मी मागे कपाटाशी उभी होते. ती शांतता मला आजही ऐकू येते. खाली यार्डात कुणीतरी खोऱ्यानं भुसा ओढत होतं, तेवढाच काय तो आवाज. सरांनी दाबलेला आकडा युरियाच्या सेलमध्ये निमूट जाऊन बसला होता. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"रात्रपाळीची स्लिप," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त बारीक.

मी स्लिप काढून दिली. वीज गेल्यामुळे रात्री एकच घाणा झाला होता. मका, पेंड, भुसा, मळी, मीठ सगळं नेहमीसारखं. युरिया बेचाळीस.

रात्रपाळीला आकडे सुपरवायझर वाबळे भरायचे, ते अजून घरी गेले नव्हते. पुणतांब्याचे, शेतकरी घरचे, अंगानं आडदांड आणि स्वभावानं गाय. सरांनी त्यांना वर बोलावलं तेव्हा ते टॉवेलनं तोंड पुसत आले. स्लिप पाहिली आणि बेचाळीसवर बोट ठेवलं.

"शेंगदाना पेंडीचं प्रोटीन बेचाळीस आल्तं, सर. त्येच टाकलं म्या. येक वळ खाली पडलं वाटतं."

"पडद्याकडं बघितलं नाही?"

"न्हाई बघितलं. चुकलं तर वरडतंच की त्ये."

सरांनी त्यांना दोष दिला नाही. फक्त विचारलं, "माल कुठं आहे?"

माल पहाटेच्या टेम्पोनं निघून गेला होता. पाथर्डीकडच्या एका दूध सोसायटीला. तिकडं वैरणीची मारामार, म्हणून खाद्यावर भिस्त जास्त. सोसायटीचा फोन सेक्रेटरीच्या घरी होता. तो वाजत राहिला, कुणी उचललाच नाही. वॉचमनला फोनपाशी बसवून सर खाली धावले. माझं गाव त्याच बाजूचं, त्या वस्त्या मला माहीत, म्हणून मलाही जीपमध्ये बसवलं. तेवढ्यात एम.डी. आले. त्यांनी ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि जीपच्या दाराला धरून म्हणाले, "माल परत आणा. खाद्याला बुरशी लागली एवढंच सांगायचं. युरिया हा शब्द कुणाच्या तोंडातून निघता कामा नये. कळलं ना, सर?"

सरांनी मान हलवली. ती हो अशी होती की नाही अशी, ते मला सांगता यायचं नाही.

श्रीरामपूरच्या बाजारात जीप थांबवून सरांनी तीन दुकानांतलं होतं नव्हतं तेवढं व्हिनेगर उचललं. युरियाच्या विषबाधेवर तोच हाताशी असलेला उतारा, व्हिनेगर आणि भरपूर गार पाणी. दुकानदारानं हसत विचारलं, "काय साहेब, केटरिंग घेतलंय का कुठं?" सर पैसे टाकून जीपकडे वळले. नेवासा गेलं, शेवगाव गेलं. हिरवं संपलं, काळं संपलं, मग नुसता माळ सुरू झाला. उसाच्या तोडीला निघालेल्या लोकांची गाडी मध्येच आडवी आली, संसार वर बांधलेला, ती वाट देईपर्यंत आम्ही किती वेळ रखडलो. वाबळे पुढच्या सीटवर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते. मी मनात मोजत होते, सकाळची धार झाली असणार, सकाळचं खाद्य घालून झालं असणार. आणि मोजायचं नाही असं ठरवून परत मोजत होते.

सोसायटीच्या दारात टेम्पो रिकामा होऊन उभा होता. सेक्रेटरी गोदामातच सापडला. पोती उघडायची नाहीत हे ऐकून तो म्हणाला, "उघडतो कशाला? समदी हायेत. वाटप सांजच्याला करतो आमी." माझ्या जिवात जीव आला. मग तो कान खाजवत म्हणाला, "येकच गेलं. सखूबाईनं न्हेलं. तिची गाय परवाच व्यालीया."

सखूबाईची वस्ती ओढ्यापलीकडे होती. लेक आणि सून कोयता घेऊन साखर कारखान्यावर गेलेले, घरी ती आणि गाय. जीप ओढ्याच्या अलीकडेच अडली. आम्ही पळत सुटलो. पन्नाशी ओलांडलेले सर, छातीशी बाटल्या कवटाळून, धोंड्यांतून असे पळत होते की मला भीती वाटली, हेच आधी पडतील.

गाय गोठ्याच्या बाहेर बांधलेली होती. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. समोर घमेलं होतं आणि घमेलं अर्धं झालेलं होतं. गाईचे कान एकसारखे उडत होते. ती दात खात होती आणि ओठातून लाळेची तार लोंबत होती. सरांनी पुढे होऊन पहिल्यांदा घमेलं लाथेनं उडवलं, मग डाव्या कुशीवर हात ठेवला.

"फुगायला लागलीय. वाबळे, तोंड वर धरा."

आरडाओरडा ऐकून सखूबाई घरातून बाहेर आली. अनोळखी माणसं गाईच्या तोंडात बाटली घालताहेत म्हटल्यावर तिनं सरांचा हातच धरला. "काय पाजताय? कोन तुमी? माजी गाय हाय ती!"

वाबळेंनी सरांकडे पाहिलं. मीही पाहिलं. बुरशी म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर कुणाला काय कळलं असतं?

"बाई," सर म्हणाले, "या खाद्यात युरिया जास्त पडलाय. चूक माझी आहे, मी कारखान्यातला केमिस्ट. हे पाजलं नाही तर गाय जाईल. पाजल्यावर वाचेलच असंही मी सांगू शकत नाही."

 सखूबाईनं त्यांचा हात सोडला. "मंग बोलत काय बसलाय? पाजा की!"

गार पाणी हवं होतं, बादल्याच्या बादल्या. त्या वस्तीवर पाणी टँकरचं. तिनं रांजणावरचं झाकण काढलं आणि आठवड्याचं पाणी एकेक कळशी करून आणून द्यायला सुरुवात केली. एकदाही हात आखडला नाही. मी बाटल्या भरून देत होते. वाबळेंनी गाईची मान खांद्यावर घेतली होती, सर पाजत होते. गाय एकदा गुडघ्यावर आली, परत उठली. पाय लटलट कापत होते. सगळं व्हिनेगर पोटात गेल्यावर आमच्या हातात करण्यासारखं काही उरलं नाही. सर कुशीवर हात ठेवून तसेच उकिडवे बसले. वासरू दुसऱ्या खुंट्याला हंबरत होतं आणि त्याच्याकडे कुणाला बघवत नव्हतं.

त्या बसण्यात वाबळे बोलले. गाईची मान न सोडता, खाली बघत.

"सर, येक सांगू का? स्लिपवर बेचाळीस बघितलं तवाच मला खटकलं हुतं. रोज धा पडतो. पोतं हातात घेतलं तवाबी खटकलं. सबंद पोतंच व्हतंय जवळपास, म्हनलं."

"मग?"

"मंग म्हनलं, युरियाचा सेल तर सरांनी बंद केल्याला. तितं कुनाचं बोट जातच न्हाई. सरांनीच वाढीवलं आसंल, दुष्काळी भागाला म्हनून. तुमचं कुलूप म्हनल्यावर मी कोन बोलनार?"

वाबळेंनी स्वतःच टाकलेला आकडा स्लिपवर छापून त्यांच्यासमोर आला होता आणि त्यांनी तो सरांचा समजून हात जोडल्यासारखा मान्य केला होता. माझ्या डोक्यात हे उतरायला वेळ लागला. सखूबाईला लागला नाही.

"म्हंजी तुला ठावं हुतं?" ती वाबळेंना म्हणाली. "ठावं असून वतलंस व्हय रं बाबा?"

वाबळेंच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. एवढा आडदांड माणूस. सर त्यांच्याकडे बघत होते, पण त्यांना वाबळे दिसत नव्हते हे मला स्पष्ट कळत होतं.

"मी बोटं अडवत बसलो, वाबळे," ते म्हणाले. "तोंडं कधी बंद झाली ते मला कळलंच नाही."

मी त्यांना त्या आधी किंवा नंतर कधी इतकं एकटं पाहिलं नाही. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ते माझे साहेब होते आणि मी विशीतली ऑपरेटर. मी रिकाम्या बाटल्या गोळा करत राहिले.

ऊन कलायला लागलं तेव्हा गाईनं मोठी ढेकर दिली. सरांनी झटकन मान वर केली. थोड्या वेळानं दुसरी. कूस हाताखाली मऊ पडत चालली. पाय थरथरायचे थांबले. मग तिनं गळ्याशी काहीतरी वर आणलं आणि जबडा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरवला. रवंथ. सखूबाईनं गाईच्या कपाळावर हात ठेवला, तोच हात आपल्या कपाळाला लावला आणि आम्हाला म्हणाली, "बसा. च्या टाकते. पानी ऱ्हायलंय वाईच."

मला वाटलं होतं, परत गेल्यावर सर कुलूप काढूनच टाकतील. तसलं नाटक त्यांनी केलं नाही. संध्याकाळी पोहोचल्याबरोबर त्यांनी संरक्षण चालू केलं, टुंग वाजवून बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना खाली मिक्सरपाशी बोलावलं. "बेचाळीस माझ्यामुळं गेला," ते सर्वांसमोर म्हणाले. "कडी मी काढली आणि लावली नाही. इथून पुढं युरियाचा आकडा मोठ्यानं ओरडायचा. खालून कुणीतरी हो म्हटल्याशिवाय पोतं फोडायचं नाही. आणि खटकलं तर नाही म्हणायचं. सेल बंद असला तरी. मी इथं उभा असलो तरी." झाडूवाल्या पारूबाईंनी विचारलं, "आमीबी म्हनायचं का?" सर म्हणाले, "तुम्ही पहिल्यांदा."

तेव्हापासून दिवसातून कितीतरी वेळा वरून "युरिया दहा!" अशी आरोळी यायची आणि खालून कुणीतरी "व्हय, दहा!" म्हणून उलट ओरडायचं. पहिले काही दिवस सगळे लाजत, हसत. पारूबाईंचा आवाज सगळ्यांत खणखणीत.

सखूबाईनं गावभर सांगितलं होतं. तिच्या दृष्टीनं ती तक्रार नव्हती, साहेब ओढ्यातून पळत आले आणि माझी गाय वाचवली असंच तिचं सांगणं होतं. पण त्यात युरिया हा शब्द होता आणि तो शब्द फिरत फिरत संघाच्या मीटिंगमध्ये पोहोचला. महिन्याभरात सरांची बदली झाली, लांबच्या एका दूध शीतकरण केंद्रावर. केमिस्टला तिथं फॅट मोजण्यापलीकडे काम नव्हतं. सरांनी भांडण केलं नाही. जायच्या दिवशी मला शीटचा पासवर्ड लिहून न देता तोंडी सांगितला, तीनदा म्हणवून घेतला, आणि स्कूटरच्या भोकावरची चिकटपट्टी काढून निघून गेले. मिसेस मागच्या सीटवर होत्या, मांडीवर मिठाचा डबा.

ते गेल्यावर आठ दिवसांत एम.डी.नी आरोळ्या बंद केल्या. "ही काय शाळा आहे का? पाढे म्हणताय?" लोकांनीही सोडून दिलं. मला वाईट वाटलं, पण मीही काही बोलले नाही. कोण बोलणार होतं?

मग एका दुपारी घाणा लागायचा होता. ट्रक दारात उभा, माल उशिरानं भरला जाणार म्हणून एम.डी. स्वतः मिक्सरपाशी येऊन उभे होते. मी स्लिप घेऊन खाली गेले. वाबळेंनी ती हातात घेतली.

"चला, वाबळे, सुरू करा," एम.डी. म्हणाले.

"थांबा, सायेब. आकडा बगू द्या."

मी चमकून पाहिलं. हे वाबळे, एम.डी. समोर आले की ज्यांच्या तोंडातून हूं सुद्धा निघत नसे.

एम.डी. माझ्याकडे वळले. "मॅडम, तो सेल लॉक आहे ना?"

"आहे, साहेब. सकाळीच बघितलाय."

"मग? लॉक आहे म्हणताहेत ना त्या? वेळ घालवू नका."

 हा माणूस नोकरी घालवणार असं मला वाटलं. त्यांनी मान खाली घातली, पण स्लिप सोडली नाही.

"लॉक आसंल तर आसू द्या," ते म्हणाले. "मी बगतो."

आणि बघितलं. सावकाश, बोट ठेवून, एकेक ओळ. एम.डी. घड्याळाकडे बघत उभे राहिले.  मग वाबळेंनी युरियाचं पोतं काट्यावर घेतलं, माप केलं आणि वर तोंड करून ओरडले, "युरिया धा!"

 सगळे एम.डी.कडे बघत होते. मग पलीकडून, भुशाच्या ढिगाआडून, पारूबाई खणखणीत ओरडल्या, "व्हय, धा!"

आकडा बरोबर होता. मिक्सर सुरू झाला. मी वर आले, कॉम्प्युटरच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सरांच्या आठवणीनं पोटभर रडले.